इथे राहतं कोण?

कोकणातल्या जमिनींचा विषय निघाला की आमच्या घरातलं बोलणं हल्ली एकाच तक्रारीपाशी येऊन थांबतं: बाहेरचे लोक येऊन सगळं विकत घेतायत. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत 'जमीन विकू नका' असं गावोगाव सांगत फिरणारे तरुण आहेत. ग्रामसभांत यावरून वाद होतात. गोव्यातही हाच प्रश्न वर्षानुवर्षं पेटलेला आहे. हिमाचल प्रदेशात बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तसाच, किंबहुना त्याहून कडक कायदा कोकणासाठी करा, बाहेरच्याला इथे पाय ठेवू देऊ नका, अशी मागणी मी चांगल्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. त्यामागचं दुःख मला कळतं, ते माझंही आहे. पण ही मागणी दुखतंय तिथे बोट ठेवत नाही, असं माझं मत आहे. ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर आठवडाभर राहिलो आणि ते मत पक्कं झालं.

ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्लंडमधल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते. आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. पश्चिमेला निघून वेल्सचे डोंगर ओलांडले की अबरिस्टविथ येतं आणि तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेला तासाभरात लांग्रानॉग. केरेडिगियॉन परगण्यातलं हे लहानसं गाव दोन टेकड्यांच्या बेचक्यात वसलंय. मधून एक ओढा उतरतो आणि वाळूत जाऊन समुद्राला मिळतो. किनाऱ्यावर एक प्रचंड काळा खडक उभा आहे. बिका नावाच्या राक्षसाचा दात दुखायला लागला म्हणून त्याने तो थुंकून टाकला, अशी गोष्ट तिथली मुलं सांगतात. हंगाम संपलेला असल्यामुळे वाळूवर आम्ही आणि कुत्री फिरवायला आलेले दोघंतिघं, एवढेच होतो. टेकड्यांवरचे नेचे वाळून तांबडे पडले होते, काटेरी झुडपांवर मात्र पिवळी फुलं तशीच. कड्यांवरून जाणारी पायवाट वेल्सच्या अख्ख्या किनाऱ्याला धरून जाते, 870 मैल. 2012 साली ती पूर्ण झाली. शरद ऋतूत करड्या सीलांची पिल्लं जन्मतात. पायवाटेवरून खाली वाकून पाहिलं की एखाद्या बंदिस्त खाचेतल्या गोट्यांवर पांढऱ्या लोकरीची पिल्लं पडलेली दिसतात. खाली उतरू नका, कुत्री दोरीला बांधा, आई बिथरली तर पिल्लू सोडून जाते, अशा सूचना जागोजागी आहेत आणि लोक त्या पाळतात. माझी मुलगी एकेका खाचेपाशी तासतासभर पालथी पडून बघत असे. तिला तिथून उठवणं हे आमचं दुपारचं मुख्य काम होतं.

गावात 2023 साली एका बाईचा पुतळा उभारला आहे: सारा जेन रीस, टोपणनाव क्रानॉग्वेन. जन्म याच गावचा, 1839 चा. वडील गलबतावरचे तांडेल. तिने स्वतः समुद्र अनुभवला, नौकानयनाचं गणित शिकून घेतलं आणि गावच्या दर्यावर्दी पोरांना ते शिकवलं. वेल्श भाषेत कविता लिहिल्या, 1865 साली राष्ट्रीय काव्यस्पर्धेत नावाजलेल्या पुरुषांना मागे टाकून बक्षीस मिळवलं आणि पुढे बायकांसाठी मासिक चालवलं. त्या काळी हे सारं एका खेड्यात आणि वेल्शमधूनच घडत होतं. ती भाषा गावाला जहाज हाकायलाही पुरत होती आणि कवितेलाही, हे त्या पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर जाणवतं.

आम्ही उतरलो होतो ते कॉटेज म्हणजे जुना गोठा. जाड दगडी भिंती, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आत लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. मालकीणबाई शेजारच्याच शेतावर राहतात. पहिल्याच संध्याकाळी घरचा बारा ब्रीथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा केक, घेऊन आल्या आणि गप्पा मारत बसल्या. दुधाच्या भावात घर चालेना म्हणून गोठ्याचं कॉटेज केलं, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखे लोक ऑक्टोबरात येतात म्हणून माझे 182 भरतात."

हे 182 म्हणजे रात्री. एप्रिल 2023 पासून वेल्समध्ये असा नियम आला की सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं घर वर्षात किमान 182 रात्री खरोखर भाड्याने गेलं, तरच त्याला व्यवसाय मानून व्यवसायाचा कर लावायचा. नाही गेलं, तर ते साधं घर. त्याला घरपट्टी लागणार आणि स्थानिक परिषदेने 'दुसऱ्या घरांवर', म्हणजे मालक कायम राहत नाही अशा घरांवर, ठरवलेला जादा आकारही लागू शकतो. हा आकार घरपट्टीच्या 300 टक्क्यांपर्यंत लावायची मुभा परिषदांना त्याच वर्षी मिळाली. उत्तरेतल्या ग्विनेद परिषदेने तो 150 टक्के केला, म्हणजे एकूण घरपट्टी अडीचपट. त्या पैशाचा वापर ती परिषद स्थानिकांना घरं मिळवून देण्याच्या योजनेसाठी करते. ऑक्टोबर 2022 पासून नियोजनाच्या कायद्यातही तीन वेगळे वर्ग केले आहेत: राहतं घर, दुसरं घर आणि अल्पमुदतीने भाड्याने द्यायचं घर. एका वर्गातून दुसऱ्यात जायला परवानगी घ्यावी लागेल, असं परिषद ठरवू शकते. ग्विनेदने सप्टेंबर 2024 पासून तसं ठरवलंही. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, घरमालक संतापले, घरांच्या किमती पडल्या तर आमच्या म्हाताऱ्या आईबापांचं काय, असं स्थानिकही विचारू लागले.

मालकीणबाईंना स्वतःला हा नियम जाचक वाटतो. त्यांच्याच आवारातला गोठा; तो विकता येत नाही की कायमच्या भाडेकरूला देता येत नाही, मग लंडनवाल्याच्या रिकाम्या बंगल्याला लावायचा नियम मला कशाला, असा त्यांचा सवाल आहे. तो मला रास्त वाटला. पण त्याच दमात त्या हेही म्हणाल्या, की त्यांच्या मुलाला जन्मगावात घर घेणं परवडलं नाही, तो आत वीस मैलांवर राहतो, आणि हा कायदा वीस वर्षं आधी आला असता तर बरं झालं असतं.

हे प्रकरण इथवर शांततेत आलेलं नाही. 1979 पासून पुढची दहाबारा वर्षं 'मेबियॉन ग्लिंडूर' नावाच्या गुप्त गटाने इंग्रजांच्या मालकीची रिकामी कॉटेजं जाळली. दोनशेहून अधिक घरांना आगी लावल्या गेल्या. त्या आगींनी गावातल्या एकाही पोराला घर मिळालं नाही. मिळाली ती बदनामी, आणि पोलिसांनी संशयावरून निरपराध माणसंही उचलली. आजचे कायदे आले ते पुढे कित्येक वर्षांनी, वेल्सला 1999 मध्ये स्वतःची विधानसभा मिळाल्यानंतर, परिषदांच्या कंटाळवाण्या बैठकांतून, आकडेवारी मांडून.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की या कायद्यांत कुठेही 'इंग्रज' हा शब्द नाही. घर घेणाऱ्याचा जन्म कुठला, आडनाव काय, भाषा कोणती, हे कुणी विचारत नाही. विचारतात एवढंच: तुम्ही इथे राहता का? कार्डिफमधल्या अस्सल वेल्श भाषक डॉक्टरने किनाऱ्यावर दुसरं घर घेतलं, तर त्यालाही तोच आकार. आणि उद्या माझ्यासारखा कुणी तिथे जाऊन खरोखर राहू लागला, मुलांना गावच्या शाळेत घालू लागला, तर त्याला एक पैसाही जादा नाही.

आता हा प्रश्न कोकणाला विचारून बघा. तिथली बंद घरं कुणाची? किनाऱ्यालगतचे नवे बंगले, प्लॉट पाडून विकलेले कातळ, हे बाहेरच्यांचे आहेतच. पण गावात आतपर्यंत चालत गेलं तर ज्या घरांना कुलूप आहे, ज्यांच्या अंगणात गवत माजलंय, ज्यांचा वासा मोडून कौलं खाली आलीत, ती आमची आहेत. मुंबईकर चाकरमान्यांची, पुणेकरांची, आणि आता दुबई, बर्मिंगहॅम, न्यू जर्सीवाल्यांची. सातबाऱ्यावर डझनभर नावं, कुणाचा पत्ता नाही, कुणाची सही होत नाही, म्हणून ना दुरुस्ती ना विक्री. गणपतीत कुलूप निघतं, गौरी गेल्या की पुन्हा लागतं. शिवाय जमीन विकणारा कोण असतो? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हा नियम 1948 च्या कूळकायद्यापासून आहे. त्यातून पळवाटा काढून बाहेरचा येतो हे खरं, पण खरेदीखतावर विकणारा म्हणून आपलाच कुणीतरी अंगठा टेकवतो, आणि तो बहुधा गावात राहत नसतो.

आमच्या घरातही हेच चाललंय. देवगड तालुक्यातलं आजोबांचं घर आणि भोवतालची हापूसची कलमं विकावीत, असं ठाण्याच्या काकांना वाटतं. कौलं चाळायला माणूस मिळत नाही, माकडं कलमांवर फळ ठेवत नाहीत, राखणीचा खर्च निघत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. एका विकसकाने बंगल्यांच्या प्रकल्पासाठी चांगला भाव दिला आहे. मी विकायला विरोध केला, तेव्हा गावात राहणारा चुलतभाऊ फोनवर शांतपणे म्हणाला, "तू थंय बसान सांगतस. हंय येवन रवतलस?"

मी राहायला जाणार नाही. माझी नोकरी इथे आहे, मुलं इथल्या शाळेत आहेत. त्यामुळे घर विकू नका, असं म्हणण्याचा माझा अधिकार फार तोकडा आहे, आणि परदेशातून गावच्या माणसाला उपदेश करणाऱ्या सर्वांनीच हे ध्यानात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. पण सही करण्याचा अधिकार माझ्याकडे आहे. माझा हिस्सा त्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं मी ठरवलंय आणि तसं सगळ्यांना कळवलंय. त्याला गावात राहायचंय, तिथेच दोन खोल्या काढून निवास-न्याहारी चालवायची आहे, मुलीला गावच्या शाळेत घालायचंय. सामाईक नावांमुळे त्याला बँक कर्ज देत नाही. आम्ही सगळ्यांनी सोडलं तर देईल. काका अजून राजी नाहीत. त्यांनी उभं आयुष्य गिरणगावातल्या एका खोलीत काढलं, जमिनीच्या पैशावर त्यांचा हक्क आहे, आणि 'सोडून द्या' हे पौंडांत पगार घेणाऱ्या पुतण्याने म्हणणं सोपं आहे, हेही मी समजतो. त्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे बाकीच्यांनी मिळून द्यावेत, असा माझा प्रस्ताव आहे.

अबरिस्टविथहून येताना लानरिस्टिडजवळ रस्त्याच्या कडेला एका पडक्या घराची भिंत लागते. तांबड्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: कोव्हिउख द्रवेरिन. त्रवेरिन विसरू नका. त्रवेरिन हे उत्तरेतलं खोरं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून 1957 मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं. 1965 मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव शाळा, चॅपेल, टपालकचेरीसकट पाण्याखाली गेलं. लिव्हरपूलच्या परिषदेने माफी मागितली ती 2005 साली. गाडी थांबवून मुलांना हे सांगताना मला मुळशी आठवली. मुंबईला वीज हवी म्हणून मावळ्यांच्या भातखाचरांवर टाटांचं धरण आलं आणि 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत होतं. वेल्समध्ये ती भिंत कुणी खोडली की गावकरी रातोरात पुन्हा रंगवतात. 2019 मध्ये ती पाडली गेली तेव्हा लोकांनी दगड रचून उभी केली आणि गावोगावच्या भिंतींवर तीच अक्षरं उमटली. मुळशीच्या धरणाकाठी आज शहरवाल्यांची दुसरी घरं आणि रिसॉर्टं आहेत. सत्याग्रहाची आठवण तिथे येणाऱ्या किती जणांना असेल?

गावातली घरं गेली की तिथली भाषाही जाते. घराचा आणि भाषेचा हा संबंध आपल्याकडच्या भाषेच्या वादांत मला सापडत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय आला, त्याविरुद्ध महाराष्ट्र उठला आणि 29 जूनला सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्याचा मला मनापासून आनंद झाला. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हे बरोबरच होतं. दुकानांवर ठळक मराठी पाट्या हव्यात, हेही बरोबर आहे. पण त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि कित्येक मराठी मित्रांनी ती चित्रफीत अभिमानाने पाठवली. मला ती बघवली नाही. कॉटेजं जाळणाऱ्यांनी वेल्श भाषेला जे दिलं, तेवढंच यातून मराठीला मिळेल.

वेल्समध्ये बँकेत, दवाखान्यात, परिषदेच्या कार्यालयात काही कर्मचाऱ्यांच्या छातीवर नारिंगी बिल्ला दिसतो. त्याचा अर्थ, माझ्याशी वेल्श बोलू शकता. अबराइरनच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभा असताना पाहिलं: म्हातारे गृहस्थ आत आले, बिल्ला बघितला आणि सरळ वेल्शमध्ये बोलू लागले. माझी पाळी आल्यावर तीच मुलगी हसून इंग्रजीत वळली. 2011 च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा दिला. सरकारी सेवेत वेल्श भाषेला इंग्रजीपेक्षा कमी वागणूक मिळता कामा नये, असे दंडक त्यातून आले आणि ते मोडले तर तक्रार ऐकायला भाषा आयुक्त आहे. आपल्याकडे बँकेत गेल्यावर आपणच 'भैया' म्हणून हिंदीत सुरुवात करतो. समोरचा अनेकदा सांगलीचा किंवा नांदेडचा निघतो.

वेल्स जिंकलं, असं मात्र कुणी समजू नये. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे 5 लाख 38 हजार भरले, लोकसंख्येच्या 17.8 टक्के, दहा वर्षांपूर्वी ते 19 टक्के होते. केरेडिगियॉनमध्ये 47 टक्क्यांवरून 45 वर घसरण झाली. 2050 पर्यंत दहा लाखांचं उद्दिष्ट आहे आणि शाळांसाठी 2025 मध्ये नवा कायदाही झाला, पण गावातली तरणी पोरं घराअभावी बाहेर पडतात, तोवर शाळेत शिकलेली भाषा बोलायची कुणाशी, ही चिंता तिथे उघडपणे मांडली जाते. अबरसोख नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाची गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत आहे. त्या गावातली निम्म्याच्या आसपास घरं सुट्टीपुरती उघडणारी आहेत. 2021 च्या अखेरीस गावची वेल्श शाळा बंद झाली, कारण मुलं उरली नाहीत.

मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होते, त्यामुळे ही धास्ती आपल्याला उगीच वाटते, असं मित्र म्हणतात. मराठी संपणार नाही, मान्य. पण मालवणी? आमच्या घरातलीच ती चौथ्या पिढीत संपली आहे. माझ्या मुलांना ती कळत नाही आणि ठाण्याच्या चुलतभावंडांनाही नाही. ती उरलीय त्या गावातल्या भावाकडे आणि त्याच्या मुलीकडे. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले. कोकणात अशा शाळा वाडीवाडीवर आहेत. पट कमी आहे कारण वाडीत मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत कारण घरं बंद आहेत. शाळा वाचवा म्हणून मोर्चा काढणारे आणि जमीन वाचवा म्हणणारे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कचेऱ्यांपुढे उभे राहतात. त्यांनी एकत्र यावं.

म्हणून कोकणासाठी मी कायदा मागेन तो असा: वर्षातला ठरावीक काळ ज्या घरात कुणी राहत नाही, त्याला ग्रामपंचायतीने घरपट्टीवर जादा आकार लावावा, मालक सुरतेचा असो, दादरचा असो की बर्मिंगहॅमचा. तो पैसा गावाबाहेर जाऊ नये; शाळेत येणाऱ्या मुलांच्या गाडीसाठी, गावात घर बांधू किंवा दुरुस्त करू पाहणाऱ्या तरुणाच्या मदतीसाठी लागावा. जो बंद घर गावातल्या कुटुंबाला राहायला देईल, त्याला आकार माफ. मालकीणबाईंसारखे राहत्या अंगणात चार खोल्या चालवणारे असतील, त्यांना यातून पहिल्या दिवसापासून वगळा. वेल्सने ते पुरतं न केल्यामुळे चांगली माणसं कायद्याच्या विरोधात गेली आहेत. आणि सामाईक सातबाऱ्यांच्या वाटण्या वर्षभरात मिटवायला तालुक्याला खास व्यवस्था हवी, नाहीतर आकार लावूनही कुलूप निघणार नाही.

चाकरमान्यांना हे कडू लागेल. गणपतीला येतो, देवळाला वर्गणी देतो, वर हा दंड कशाला, असं म्हणतील. पण पाच दिवस येणाऱ्याची वर्गणी आणि बारा महिने राहणाऱ्याची गरज यांत ग्रामपंचायतीला आज निवड करावीच लागते; कायदा नसल्यामुळे तिला ती लाजतकाजत, माणूस बघून करावी लागते. आमच्या घराचा आकार जे काही ठरेल ते, वाटणी होईपर्यंत, माझ्या हिश्शापुरतं मी भरीन. काकांनाही मी तसं लिहून दिलं आहे.